बांधावरचे लाकूड : वजन, ओल आणि भाव



उसाची खेप काट्यावर चढली की आपण सगळे आकडा पाहायला पुढे सरकतो. भरलेल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, बांधणीची वजावट किती धरली, सगळे तोंडपाठ असते. वीस किलोचा फरक वाटला तरी चार शब्द होतात. वार्षिक सभेत उताऱ्याच्या दशांशावरून तासभर चर्चा चालते आणि ती चाललीच पाहिजे. पण हाच सभासद बांधावरच्या बाभळी विकायला निघाला की एकदा झाडाच्या शेंड्याकडे पाहतो, एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो आणि म्हणतो, "द्या काय द्यायचं ते."

मी स्वतः असाच विकत आलो. म्हणून हा लेख लिहायचा मला थोडाफार हक्क आहे.

२०१६ च्या जुलैमधली गोष्ट. मुलीचा पॉलिटेक्निकला नंबर लागला. प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर. ऊसबिलाचे पैसे लागवडीत आणि सोसायटीच्या हप्त्यात संपलेले. विहिरीकडच्या बांधावर सहा बाभळी होत्या, कवेत मावणार नाहीत एवढ्या. तालुक्याच्या गावचा एक लाकूडवाला मोटारसायकलवरून आला, झाडांना एक फेरी मारली, दोन बुंध्यांवर कुऱ्हाडीचा तुंबा आपटला.

"काका, आतून भुंगा लागलाय. पोकळ निघतील. तोडणावळ माझी, भराई माझी, ट्रॉली माझी."

"तरी किती?"

"आठ हजार. आत्ता मोजून देतो."

त्या 'आत्ता'वर व्यवहार झाला. तिसऱ्या दिवशी बांध मोकळा. माझा भाचा तेव्हा रस्त्यावरच्या भुईकाट्यावर कामाला होता. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मामा, तुमची लाकडं आज आमच्याकडनं गेली. दोन खेपा. तीन टन वीस आणि दोन टन आठशे वीस."

म्हणजे ५,८४० किलो. वखारीत ओल्या बाभळीला त्या वेळी किलोला ३ रुपये मिळत होते. तोड, भराई आणि वाहतूक यांचा किलोला १ रुपया वजा केला तरी माझ्या हाती ११,६८० रुपये यायला हवे होते. आले ८,०००. शिवाय एक सरळसोट बुंधा काट्यावर येण्याआधीच सुताराच्या दारात उतरला होता, त्याचा हिशेब निराळाच. लाकूडवाल्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही. उक्ते घेणारा माणूस धोका अंगावर घेतो, झाडे खरोखर पोकळ निघाली असती तर तो बुडाला असता. पण त्याला अंदाज होता आणि मला नव्हता, एवढा फरक. आई फक्त एवढेच म्हणाली, "मामंजींनी पोहऱ्यानं पाणी घातलं होतं त्यांना."

त्यानंतर मी या विषयाची चौकशी करू लागलो. वखारवाले, आचारी, वीटभट्टीवाले, आपल्या कारखान्याच्या बॉयलरवरची माणसे, ज्यांना ज्यांना लाकूड जाळावे लागते त्यांना विचारत गेलो. जे कळले ते असे.

उभ्या झाडाचा अंदाज

झाड उक्तेच द्यायचे झाले तरी दोरी घेऊन मोजता येते. छातीइतक्या उंचीवर बुंध्याचा घेर घ्यावा आणि पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतची लांबी घ्यावी. लाकूडवाले पुष्कळदा 'चौथाई घेरा'चा हिशेब करतात. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर एकाचा वर्ग एक, गुणिले दहा, झाले १० घनफूट. ऐकायला सोपे आणि सरळ वाटते.

पण गोल बुंध्याचे खरे माप असे निघत नाही. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १२.५७ असा हिशेब केला तर त्याच बुंध्यात १२.७ घनफूट लाकूड भरते. चौथाई घेराच्या हिशेबात शंभरातले एकवीस भाग आपोआप गळतात. इमारती लाकडाच्या बाबतीत ही सूट समजण्यासारखी आहे, कारण गोल ओंडका चौकोनी कापताना बाजूच्या फळ्या वाया जातात. जळणाला मात्र सालसुद्धा जळते. तिथे सूट कशाची? हे मी एका वखारवाल्याला विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "पद्धत आहे."

ओली बाभूळ घनफुटाला २८ किलोच्या आसपास धरावी, जवळपास पाण्याइतकीच जड. म्हणजे वरच्या बुंध्याचे साडेतीनशे किलो झाले. फांद्यांचे वेगळे. मोठ्या पसरलेल्या बाभळीत फांद्यांचे लाकूड कधी बुंध्याइतकेही भरते. एवढा हिशेब वहीत असला म्हणजे समोरचा माणूस 'पोकळ' म्हणाला तरी आपण कुठून बोलायला सुरुवात करायची ते ठरलेले राहते.

ट्रॉलीचा भाव

आपल्याकडे 'ट्रॉलीला इतके' असा भाव फार चालतो. तो मला सगळ्यांत घातक वाटतो. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच भरली तर २४० घनफूट होतात. पण त्यात लाकूड किती आणि पोकळी किती? निलगिरीचे सरळ दांडे नीट लावले तर साठ-पासष्ट टक्के जागा लाकडाने भरते. वेड्यावाकड्या बाभळीचे तुकडे कसेही टाकले तर निम्मी जागासुद्धा भरत नाही. अर्धी भरली असे धरले तर १२० घनफूट लाकूड झाले. तीच ट्रॉली हमालांनी तुकडे फिरवून, सांदी बुजवून भरली की १४४ घनफूट. फरक २४ घनफुटांचा, ओल्या बाभळीत तो साडेसहाशे किलोंच्या वर जातो. घेणाऱ्याची माणसे भरतात तेव्हा ट्रॉली घट्ट भरते आणि तोच माल पुढे विकताना सैल भरला जातो. यात खोटेपणा सिद्ध करता येत नाही, ट्रॉली शेवटी ट्रॉलीच!

म्हणून वजन. भुईकाटा आता बहुतेक मोठ्या गावांच्या रस्त्यावर आहे. आपण सोबत जावे, भरलेली पावती घ्यावी आणि माल उतरल्यावर त्याच काट्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन करून दुसरी पावती घ्यावी. 'रिकामी गाडी इतकीच भरते, ठाऊक आहे' असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीची तारीख पाहण्यात कमीपणा नाही. उसाच्या बाबतीत हे कोणाला शिकवावे लागत नाही.

ओल म्हणजे लाकडाचा उतारा

आता खरी गोम. नुसते वजनही पुरे पडत नाही, कारण ओल्या लाकडात आपण पाणी विकत असतो आणि घेणारा ते जाणतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के पाणी असते. पंचेचाळीस धरू. १०० किलो ओल्या लाकडात ५५ किलो कोरडे लाकूड आणि ४५ किलो पाणी. हेच उघड्यावर वाळून ओल वीस टक्क्यांवर आली की वजन ६९ किलोच्या जवळ येते. ३१ किलो हवेत गेले. तेव्हा ओल्याचा भाव ४ रुपये असेल, तर वाळलेल्याचा ५ रुपये ८० पैसे आला तरच आपण होतो तिथे राहिलो. सोप्यात सांगायचे तर ओल्या भावाची दीडपट हा वाळलेल्या मालाचा किमान भाव. त्याहून कमी मिळत असेल तर वाळवण्याच्या भानगडीत पडू नये, ओलेच वजनावर द्यावे. आणि एकाच भावाने ओले-वाळले घेणारा कोणी भेटला तर त्याच दिवशी ट्रॉली भरावी. पण असा कोणी मला अजून भेटलेला नाही.

उष्णतेचा हिशेब आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगतो. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी भट्टीत पहिल्यांदा लाकूड पडते, पुढे बगॅसवर काम चालते. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण पन्नास टक्के पाणी असते आणि किलोला सुमारे १,८०० किलोकॅलरी उपयोगी उष्णता मिळते. पंचेचाळीस टक्के ओलीचे बाभळीचे लाकूड किलोला २,१०० च्या आसपास देते, म्हणजे ओला ओंडका बगॅसच्या थोडासाच वर. तेच लाकूड वीस टक्क्यांवर आले की ३,४०० पर्यंत जाते. कारण उघड आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या जवळ किलोकॅलरी खर्च होतात आणि त्या चुलीच्या कामाच्या नसतात. वर धूर. आचारी ओल्या लाकडाला शिव्या घालतो त्या उगाच नाहीत.

आणखी एक समज काढून टाकायला हवा. किलोमागे पाहिले तर बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, शेवरी यांच्या उष्णतेत फारसा फरक नसतो, ओल सारखी असली म्हणजे झाले. फरक आहे तो वजनदारपणात. बाभूळ भरीव आणि जड, विस्तव टिकतो. शेवरी, पांगारा हलके, भुरकन जळतात. म्हणून ट्रॉलीच्या भावात हलक्या लाकडाचा तोटा घेणाऱ्याला आणि जड लाकडाचा तोटा देणाऱ्याला. ज्याच्या बांधावर बाभूळ आहे त्याने तर ट्रॉलीवर कधीच देऊ नये.

ओल कशी ओळखावी? दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. वाळलेले खणखणते, ओले दबका आवाज करते. टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असाव्यात, साल सुटू लागलेली असावी. हे सगळे झाले नजरेचे. मी करतो ते असे: थप्पीतल्या दोन तुकड्यांवर चुन्याची खूण करायची, पहिल्या दिवशी वजन करून लिहून ठेवायचे आणि दर पंधरा दिवसांनी तेच तुकडे परत तोलायचे. घट थांबली की माल तयार. घेणाऱ्याला ही वही दाखवली की त्याची 'तूट धरावी लागेल' ही भाषा पुष्कळ नरम येते.

चार घरांचा प्रयोग

२०१९ साली आम्ही एका बांधाला लागून असलेली चार घरे एकत्र आलो. पुढाकार आमच्या थोरल्या चुलत्यांचा, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचे म्हणणे साधे होते. "एकेकटा विकायला जातो तवा ज्याला गरज जास्त, त्याच्या भावानं सगळ्यांची झाडं जातात."

संक्रांत झाल्यावर तोड केली. तोडतानाच निवड केली. सरळ, गाठी नसलेले तीन बुंधे बाजूला काढले. बाभळीचे असे लाकूड औताला, गाडीच्या कामाला चालते. ते सुताराने २,७०० रुपयांना नेले. जळणात फोडले असते तर त्याचे निम्मेही आले नसते. राहिलेले ओले वजन काट्यावर ७,२०० किलो भरले. जाड ओंडके पाचर घालून फोडले, हातभर लांबीचे तुकडे केले, खाली दगड मांडून त्यांवर आडव्या थप्प्या लावल्या. अखंड ओंडका सालीसकट ठेवला तर वर्षभरही आतून ओला राहतो. फोडला की उन्हाळ्याचे तीन महिने पुरतात.

मेच्या मध्यावर माल ५,१०० किलो भरला. पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस, मागणी होती. गेलो वखारीत.

"शेठ, वाळलेली बाभूळ आहे. फोडलेली."

"साडेचारनं घेऊ."

आबांनी वही पुढे सरकवली. "हे जानेवारीचं वजन, हे कालचं. साडेचार हा ओल्याचाच भाव झाला, फिरवून दिलेला. पाणी आम्ही आमच्या उन्हात वाळवलं, ते तुम्हांला फुकट कशाला?"

शेवटी सव्वापाचला ठरले. २६,७७५ रुपये. जानेवारीत ओले दिले असते तर सव्वातीनच्या भावाने २३,४०० आले असते. फरक ३,३७५ रुपयांचा आणि फोडणावळ-रचणावळ गेली १,८०० रुपये. म्हणजे वाळवण्यातून चार घरांत मिळून जेमतेम पंधराशे सुटले. खरे सांगतो, माझी थोडी निराशा झाली. त्यातच आमच्या घरची एक थप्पी मी आळस करून सरळ जमिनीवर रचली होती, तिच्या खालच्या थराला वाळवी लागली. वळवाचा एक पाऊस झाकण नसलेल्या थप्पीवर पडला, आणखी आठवडा गेला.

पण तोच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर चित्र बदलते. २०१६ मध्ये मला सगळे मिळून किलोमागे १ रुपया ३७ पैसे मिळाले होते. या खेपेला सुताराचे धरून आणि तोड-वाहतुकीचे किलोला १ रुपया जाऊन, ओल्या वजनावर किलोमागे तीन रुपयांच्या आत पण जवळच पडले. मधल्या तीन वर्षांत भाव चार आणे वाढला होता, तेवढा सोडा. बाकीचा फरक वाळवण्याने फारसा आला नाही. तो आला वजन करण्याने, निवड करण्याने आणि घाई नसण्याने. ज्याला माणसे मिळत नाहीत, जागा नाही, त्याने वाळवू नये, ओलेच विकावे, माझी हरकत नाही. पण काट्यावर विकावे.

घेणारे आणि त्यांची गरज

वीटभट्टीला जाडे, खोडक्या, मुळे, काहीही चालते, भावही तसाच. आचारी आणि हॉटेलवाले फोडलेले, वाळलेले, हाताला लागेल असे मागतात आणि दोन पैसे जास्त देतात. भुंगा लागून पिवळे पीठ गळणारे लाकूड तिथे चालत नाही, म्हणून असा माल वेगळा काढून भट्टीला द्यावा. एकाच ट्रॉलीत चांगले-वाईट मिसळले की सगळ्या ट्रॉलीला वाइटाचा भाव लागतो, हा माझा दोनदा घेतलेला अनुभव. अलीकडे कांडीकोळशाचे, म्हणजे ज्याला पांढरा कोळसा म्हणतात त्याचे, कारखानेही बारीक फांद्या घेतात. एकेकाळी शहरातल्या बेकऱ्या हे मोठे गिऱ्हाईक होते. ते कमी होत चालले आहे. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळवण्यास सांगितले. घरोघरी गॅस आलाच आहे. तेव्हा उद्या कोण घेणार याचा विचार करूनच नवी लागवड करावी.

भावाचा आणखी एक धडा जुना आहे. १९८० नंतर पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांनी निलगिरीची प्रचंड लागवड केली. सगळ्यांची झाडे एकाच सुमारास तोडीला आली, दशकाच्या अखेरीस भाव कोसळले आणि अनेकांनी लागवडच सोडली. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याच काळात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादकांनी विक्रीसाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. साखरेसाठी आपण जे केले ते लाकडासाठीही करता येते, हे तिथल्या शेतकऱ्यांनी दाखवले. आमच्या चार घरांना संस्था म्हणणे धाडसाचे होईल, पण वळण तेच.

तोडीआधी

१९६४ सालच्या राज्याच्या कायद्यानुसार काही जातींची झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह, खैर ही त्यांतली आपल्या ओळखीची. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्या यादीत नाहीत, तरी वाहतुकीच्या पासाबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावे. अडलेल्या ट्रॉलीतला माल घेणारा पडत्या भावाने मागतो. बांध सामाईक असेल तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती कागदावर घ्यावी. सख्ख्या भावांत एका चिंचेवरून कोर्टापर्यंत गेलेली घरे आपल्याच कार्यक्षेत्रात आहेत, नावे सांगायला नकोत.

सुबाभूळ आणि निलगिरी बुडख्यापासून फुटतात. तेव्हा तोड जमिनीपासून वीतभर वर, तिरकस आणि साफ घ्यावी, साल फाटू देऊ नये. बाभूळ मात्र भरवशाने फुटत नाही, ती बियांपासून पुन्हा धरावी लागते. शेळ्यांपासून दोन वर्षे सांभाळली तर पुढे तिची ती पाहते.

विहिरीकडचा बांध मी पुन्हा धरला आहे. रोपे अजून मनगटाएवढीच आहेत. ओढ्याच्या बांधावर जुन्या चार बाभळी उरल्या आहेत. येत्या संक्रांतीनंतर त्यांतल्या दोन काढणार. दोरी लावून घेर वहीत लिहून ठेवला आहे : एकीचा ४ फूट ७ इंच, दुसरीचा ५ फूट २ इंच.